लेकीची नाइट आणि घरची झोप

पत्राचा सारांश

हे पत्र कोल्हापुरातल्या एका आईंचं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून सांगते. मुलगी सव्वीस वर्षांची, फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली. परीक्षा देऊन एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे विमानांना वाट आणि उंची सांगणारी, झाली आणि दोन वर्षांपासून एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर काम करते. वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीतून निवृत्त झालेले. ती नोकरीला लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते.

२०२५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर हवेत धडकलं. तेव्हा लेक फोनवर सहज बोलून गेली, "आई, तिथं दोघांचं काम एकट्याकडं होतं." मग जूनमध्ये अहमदाबादचा अपघात झाला. तेव्हापासून आईंच्या डोळ्याला डोळा नाही. लेकीची ड्युटी संपली की आईंचा फोन ठरलेला : "आज काही झालं नाही ना?" लेक आता फोन उचलेनाशी झाली आहे. गौरी-गणपतीला ती नाइट करून, दिवसा तिकडची कामं उरकून, रात्रीच्या बसने आली आणि पानावर बसल्या बसल्या झोपली. पाहुणे हसले. कुणीतरी म्हणालं, "बसून बोलायचं तर काम, त्यात एवढं काय दमायचं?"

त्यातच एक चांगलं स्थळ आलंय. मुलगा कोल्हापूरचाच. त्याच्या घरच्यांचं म्हणणं, मुलीने उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, बदली करून घ्यावी. आई लिहितात : "एका माणसाच्या चुकीनं एवढी माणसं जातात. उद्या माझ्या पोरीच्या हातनं काही झालं तर ती जन्मात सावरायची नाही. नोकरी सोडून बँकेची परीक्षा दे म्हणू का? निदान कोल्हापूरला ये म्हणू का? इथं दिवसाला मोजकी विमानं, जिवाला घोर नाही."

उत्तर

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या गौरीजेवणाच्या पानापाशी अडले. वॉशिंग्टनबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि पानावर झोपलेल्या लेकीबद्दल दोन ओळी. मला ते उलट हवं होतं. पण तुमच्या मनात जे आधी आहे त्याचं उत्तर आधी देते.

लेक म्हणाली ते खरंच आहे. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री त्या टॉवरमध्ये विमानं आणि हेलिकॉप्टरं या दोन वेगळ्या जागा एकत्र करून एकाच कंट्रोलरकडे दिलेल्या होत्या. विमानातली ६४ आणि हेलिकॉप्टरमधली ३ अशी ६७ माणसं गेली. बातमी एवढ्यावर थांबली की आपल्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेला एक माणूस उभा राहतो, आणि तुमच्या बाबतीत त्या खुर्चीत लगेच तुमची लेक जाऊन बसते. भीतीचं मूळ तिथे आहे.

तपास मात्र त्या खुर्चीपाशी थांबला नाही. तिथे नदीवरून हेलिकॉप्टरांसाठी एक वाट आखलेली होती आणि तिला २०० फुटांची मर्यादा होती. त्याच नदीवरून एका धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानांची वाट जात होती. हेलिकॉप्टर नियमात राहिलं आणि विमानही नियमात उतरलं, तरी दोघांमध्ये एका जागी ७५ फुटांच्या आसपासच अंतर उरत होतं. एरवी वरच्या आकाशात दोन विमानांमध्ये उभं अंतर हजार फुटांचं ठेवतात, यावरून अंदाज करा. त्या रात्री हेलिकॉप्टर मर्यादेच्याही वर, तीनशे फुटांच्या आसपास होतं. त्याच्या चालकांनी "विमान दिसतंय, आम्हीच अंतर राखतो" असं सांगितलं होतं. तशी मुभा असते. पण रात्र होती, शहराचे दिवे होते, आणि नेमकं कुठलं विमान दिसत होतं देव जाणे. वैमानिकाला "वर चढ, खाली उतर" असं बजावणारं जे यंत्र विमानात असतं ते जमिनीच्या इतक्या जवळ असा आदेश देतच नाही. तसंच बनवलेलं असतं ते.

आणि हे सगळं अचानक उगवलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांपासून एक सागरी मैल आणि ४०० फूट यांच्या आत आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. त्यातल्या ८५ वेळा तर अंतर त्याहूनही फार कमी होतं. नोंदी होत्या, वाट तशीच चालू होती. अपघातानंतर ती बंद करायला सांगितलं गेलं.

म्हणून तुमचं पहिलं वाक्य, "एका माणसाच्या चुकीनं एवढी माणसं जातात," ते मला मान्य नाही. माणूस चुकतो. दिवसाकाठी शेकडो वाक्यं बोलणारा माणूस तर चुकणारच, हे धरूनच ते सगळं काम बांधलेलं असतं. कंट्रोलरने उंची सांगितली की वैमानिक तीच उलट वाचून दाखवतो, ती कंट्रोलर ऐकतो, रडारवर बघतो. धोका दिसला की पडद्यावर इशारा येतो, शेवटी विमानातलं यंत्र आहेच. एकामागे एक अशा चाळण्या. अपघात होतो तेव्हा एक चाळणी फाटलेली नसते, बहुतेक सगळ्याच एका रात्री फाटलेल्या असतात, आणि त्यातल्या काही कित्येक महिने आधीपासून.

मला हे विमानामुळे नाही, रेल्वेमुळे कळलं. माझे वडील मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या एका लहान स्टेशनात होते. एकेरी रूळ. तेव्हा टोकनचा लोखंडी गोळा असायचा, चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कडीला अडकवलेला. दोन स्टेशनांची यंत्रं तारेनं जोडलेली. पलीकडच्याने होकार दिल्याशिवाय इकडे गोळा निघायचा नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा दोन्हीकडे निघायचा नाही. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. वडिलांना डुलकी लागली असती तर गाडी उशिरा सुटली असती, दुसऱ्या गाडीवर जाऊन आदळली नसती. तो गोळा माणसावर अविश्वास म्हणून नव्हता. माणसाला रात्री चार वाजता झोप येते हे ज्याला ठाऊक होतं त्याने तो केला होता.

आपल्याकडचीच गोष्ट घ्या. १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरी. तुमच्या वयाच्या सगळ्यांना ते नाव आठवतं. सौदीचं जंबो दिल्लीहून वर चढत होतं, कझाकस्तानचं विमान दिल्लीला उतरत होतं, आणि ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरींमध्ये आजही याहून मोठा आकडा नाही. दिल्लीच्या कंट्रोलरने त्या संध्याकाळी एकाला १५,००० फुटांवर आणि दुसऱ्याला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, समोरून विमान येतंय हेही सांगितलं होतं. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली आलं. पण येणाऱ्यांना आणि जाणाऱ्यांना एकच वाट होती, आणि त्या वेळच्या दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. नंतर वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार चालू झालं, टक्कर टाळणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं. तुमची लेक आज ज्या खुर्चीत बसते तिच्याभोवती त्या ३४९ जणांनंतर उभारलेल्या भिंती आहेत. ती तिथे एकटी उघड्यावर बसलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग माणसं कमी असली तरी काय बिघडलं? तसं मी म्हणत नाहीये. तुमच्या काळजीतला हा भाग खरा आहे आणि तो मी पुसून टाकणार नाही.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनवर दोन विमानं धडकली. ७१ जण गेले, त्यात बहुतेक रशियाची शाळकरी मुलं. ते आकाश स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचं केंद्र सांभाळत होतं. तिथे त्या वेळी एकच कंट्रोलर दोन पडद्यांवर काम करत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता, आणि ही तिथली रोजची रीत होती. त्यात दुरुस्तीसाठी मुख्य फोन बंद आणि इशारा देणारी यंत्रणा अर्धवट चालू. पुढे न्यायालयाने त्या कंपनीतल्या चौघांना दोषी धरलं, त्यात व्यवस्थापक होते. एका माणसावर रात्र सोडून देण्याची रीत कुणी चालवली, हा प्रश्न तिथे विचारला गेला.

माणूस कमी असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन समजत नाही. आपल्याला वाटतं, चार जणांचं काम तिघे करतात, थोडं जास्त दमतात. तसं नसतं. विमानं तेवढीच येतात, ती हवेत फार वेळ थांबवून ठेवता येत नाहीत. जी जाते ती शिल्लक. शेजारी बसून तुमचं वाक्य ऐकणारा दुसरा कान जातो. 'जरा तोंड धुऊन येते' म्हणता येण्याची सोय जाते. आजारी पडायची मुभा जाते, आणि सुट्टीच्या दिवशी फोन येतो, 'येशील का?' सगळं सुरळीत चाललेलं दिसतं, कारण रोज काही सगळ्या चाळण्या फाटत नाहीत.

आणि ही माणसं बाजारातून आणता येत नाहीत. तुम्हाला माहीत आहेच, लेकीला परीक्षेनंतर आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, वैद्यकीय तपासणी, मग प्रशिक्षण आणि मग प्रत्यक्ष टॉवरमध्ये कुणाच्या तरी देखरेखीखाली हेडसेट लावून बसणं, एवढं सगळं करावं लागलं. विमानं खरेदी करायची घोषणा एका दिवसात होते, कंट्रोलर तयार व्हायला वर्षं लागतात. आपल्या संसदेच्या स्थायी समितीनेही २०२५ मध्ये कंट्रोलरांची कमतरता आणि थकवा यावर बोट ठेवलं होतं. अमेरिकेची तऱ्हा आणखी वेगळी. १९८१ मध्ये तिथले कंट्रोलर संपावर गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून जास्त जणांना एका फटक्यात घरी बसवलं. ती जागा भरून काढायला कैक वर्षं गेली. वॉशिंग्टनच्या ज्या विमानतळाजवळ हा अपघात झाला त्याला नाव त्यांचंच आहे. योगायोग म्हणायचा आणि पुढे जायचं.

त्याच विमानतळाची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या बदलीच्या प्रश्नाला लागू पडते. मार्च २०११. मध्यरात्रीनंतरची वेळ, विमानं अगदी तुरळक. टॉवरमध्ये एकच माणूस, लागोपाठ चौथी नाइट. त्याला झोप लागली. दोन प्रवासी विमानं आली, टॉवरला हाका मारून दमली आणि आपली आपण उतरली. कुणाला काही झालं नाही. त्यानंतर तिथे आणि आणखी दोन डझन विमानतळांवर रात्री दुसरा माणूस बसवायची सक्ती झाली.

तेव्हा "मोजकी विमानं, जिवाला घोर नाही" या हिशेबात गडबड आहे. माणूस गर्दीत दमतो तसा शांततेत पेंगतो. उजळाईवाडी वाईट जागा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. राजाराम महाराजांच्या काळातलं ते विमानतळ आज नव्या टर्मिनलसह उभं आहे याचा मलाही तुमच्याइतकाच अभिमान आहे, आणि लहान टॉवरचं काम हलकं समजू नये. प्रश्न एवढाच की तिथे यावं असं लेकीला वाटतंय का? कंट्रोलरचं रेटिंग, म्हणजे काम करायचा परवाना, जागेला बांधलेलं असतं. एका विमानतळावर मिळवलेलं रेटिंग दुसरीकडे तसंच चालत नाही, नव्या जागी पुन्हा शिकून, पुन्हा परीक्षा देऊन मिळवावं लागतं. रडारवर विमानांच्या रांगा लावायचं जे कसब तिने दोन वर्षांत कमावलं, ते वापरात राहिलं नाही तर गंजतं. तिला मोठ्या जागेचा कंटाळा आला असेल, घराची ओढ असेल, तर तिने आनंदाने यावं, बदलीचे नियम बघावेत, अर्ज करावा. पण तुमच्या झोपेसाठी नको. आणि स्थळासाठी तर नकोच. त्याबद्दल खाली लिहिते.

बँकेचं म्हणाल तर ताई, माझा त्याला विरोध नाही. पण तुमच्या संपूर्ण पत्रात लेक स्वतः "नको वाटतं" म्हणाल्याचं एकही वाक्य नाही. मी दोनदा शोधलं.

आता ते पान.

नाइट म्हणजे शरीराला उलटं टांगणं असतं. नाइटनंतर दिवसा झोपलं तरी ती झोप तुटक आणि उथळ. तिने त्या दिवशी तीही घेतली नाही, कामं उरकली, रात्र बसमध्ये हिंदकळत काढली, सकाळी पोहोचल्यावर अंघोळ करून गौरीपुढे हजर. पुरणपोळीवर तूप पडायच्या आत डोळे मिटले, तर त्यात हसण्यासारखं काय होतं? आणि सण झाल्यावर ती परत कशी गेली? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं पुन्हा रात्रीच्याच बसने. उतरून थेट ड्युटीवर गेली असेल तर ज्या थकव्याची तुम्हाला वर्षभर धास्ती आहे त्यातला काही थकवा तिने आपल्या घरून नेला. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण विमानतळावर माणसं किती ठेवायची हे तुमच्या-माझ्या हातात नाही. हे मात्र आहे.

कंट्रोलरने सलग किती वेळ बसायचं, दोन ड्युट्यांमध्ये किती तास विश्रांती द्यायची, याचे डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम आहेत. त्या विश्रांतीच्या तासांवर ऑफिसचा जसा हक्क नाही तसा घराचाही नाही. ते तास म्हणजे तिच्या कामाचाच भाग आहे, फक्त तो घरी, डोळे मिटून करायचा आहे.

माझ्या आईला यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. वडील नाइटवरून आले की ती दाराच्या कडीला फडकं गुंडाळायची, वाजू नये म्हणून. आम्हा पोरांना मारुतीच्या देवळात पिटाळायची. त्या वेळेत दळण नाही, धुणं आपटणं नाही, आणि शेजारीण डोकावली तर बाहेरच्या बाहेर. "त्यांचं काम चाललंय," म्हणायची. आम्हाला वाटायचं झोपलेल्या माणसाचं काय काम चाललंय!

तर ताई, पहिली गोष्ट म्हणजे तो फोन. ड्युटी संपल्या संपल्या करू नका, आणि ड्युटीवर जायच्या आधी तर मुळीच नको. तिच्याकडून महिन्याचं रोस्टर मागून घ्या, ते सगळ्यांकडे व्हॉट्सॲपवर असतंच. फ्रिजवर चिकटवा. नाइट, सकाळ, ऑफ कधी ते तुम्हाला पाठ झालं की निम्मी काळजी तिथेच उतरेल, कारण तिने फोन उचलला नाही म्हणजे ती झोपली आहे हे तुम्हाला कळेल. फोन तिलाच करू द्या. आणि "आज काही झालं नाही ना?" हे वाक्य सोडून द्या. त्याचा अर्थ तिला 'आज तू काही करून ठेवलं नाहीस ना' असा ऐकू येत असणार. तुमच्या मनात तसं नाही हे मला कळतं. रोज त्याच प्रश्नाला "नाही" म्हणावं लागलं की ज्या दिवशी खरंच काही बोलावंसं वाटेल त्या दिवशीही ती "नाही" च म्हणेल. भाजी काय केलीस विचारा. ती आपणहून "आज फार दमले" म्हणाली तर उपाय सुचवू नका, हं म्हणा.

तिच्या कामात एक चांगली गोष्ट आहे ती तुम्ही घरात उचलण्यासारखी आहे. हातून काही निसटलं, जवळजवळ चुकणार होतं, तर ते लपवायचं नाही, लिहून कळवायचं. डीजीसीएकडे स्वेच्छेने असं कळवायची सोय आहे, आणि हेतू शिक्षेचा नसून पुढच्याला सावध करायचा आहे. तिच्या मनात भीती काय असते? 'सांगितलं तर आपल्यालाच बोल लागेल.' घरी आई आधीच भेदरलेली असली तर ती भीती दुप्पट. तिने कधी सांगितलंच की अमक्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं, शेजारच्याने टोकलं, तर तुमच्या तोंडून आधी "अगं बाई!" न येता "बरं झालं तो शेजारी होता" आलं पाहिजे. सराव करावा लागेल. आरशापुढे केलात तरी चालेल.

सणाचं असं करा. लागून दोन ऑफ असतील तरच तिने यावं, आणि नाइट संपवून त्याच दिवशी निघायचं नाही, एक झोप काढून निघायचं. परत जाताना ड्युटीच्या आधी एक पूर्ण रात्र तिच्या स्वतःच्या अंथरुणावर गेली पाहिजे. हे जमत नसेल तर त्या वर्षी गौरी तिच्याशिवाय जेवतील. किंवा तुम्ही दोघे जा तिच्याकडे. तुमचे यजमान आता रिकामेच आहेत, फाउंड्रीत शिफ्ट केलेला माणूस आहे, त्यांना हे सगळं तुमच्या आधी कळेल. जाताना तिच्या खोलीला जाड, काळपट पडदे शिवून न्या. दिवसा झोपणाऱ्या माणसाला याच्याइतकी चांगली भेट नाही.

गोळ्यांबद्दल जपून. सर्दी झाली की आपण घरातली कुठलीही गोळी पुढे करतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, आणि कंट्रोलरला असं औषध घेऊन कामावर बसता येत नाही. झोपेच्या गोळीचं तर नावच नको. तिच्या वैद्यकीय तपासणीचे नियम आहेत, ती तिच्या डॉक्टरांना विचारेल. आजारी असेल तर तिला रजा घेऊ द्या. "एवढ्याशा तापाला काय रजा" हे आपलं घरगुती वाक्य तिच्या बाबतीत धोकादायक आहे.

आणि एक विचारते, ती नाइटवरून घरी कशी जाते? तुम्ही लिहिलंय की तिने नुकतीच स्कूटर घेतली. मला आकाशापेक्षा त्या स्कूटरची जास्त भीती वाटते. रात्रभर जागलेला माणूस पहाटेच्या गार वाऱ्यात गाडीवर बसतो तेव्हा त्याच्यासाठी कुठलीही चाळणी नसते. ना उलट वाचून दाखवणारा, ना इशारा देणारा पडदा. नाइटच्या दिवशी तिने रिक्षाने, बसने, कुणाच्या तरी गाडीतून जावं. पैशाची अडचण असेल तर ते पैसे तुम्ही द्या. माझ्या या सगळ्या पत्रातलं एकच ऐकणार असाल तर हे ऐका.

काळजी कधी करायची तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई सगळ्याला ठीकच म्हणते. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही, ड्युटीला निघायच्या आधी पोटात गोळा येतो, खाणं सुटलंय, चिडचिड वाढलीय, एखादा प्रसंग ती पुन्हा पुन्हा सांगतेय किंवा अजिबात काहीच सांगत नाहीये, असं काही आठवडे चाललं तर बोला. तेव्हाही "सोड नोकरी" ने सुरुवात करू नका. वरिष्ठांशी बोलता येतं, काही दिवस कामापासून लांब राहता येतं, समुपदेशकाकडे जाता येतं. रोस्टरच चुकीचं लागत असेल तर कंट्रोलरांची गिल्ड, म्हणजे संघटना, आहे, तिथे मांडता येतं. आणि हे सगळं करून ती म्हणाली, "आई, मला हे काम नको," तर मात्र पेढ्यांचा हिशेब काढू नका.

आता स्थळ. मुलगा चांगला असेल. पण बदली ही बोलणीत टाकायची वस्तू नाही. हुंडा मागितला असता तर तुम्ही उठून आला असता, इथे तर मुलीचं कसबच मागताहेत आणि तुम्ही विचार करताय. लेकीला नाइट असते, सणाला ती असेलच असं नाही, दिवसा अकरा वाजता तिच्या खोलीचं दार बंद असेल आणि आत ती झोपलेली असेल, हे त्यांना आधीच सांगा. लपवून ठेवू नका. त्या दारावर थाप न मारणारा मुलगा मिळाला तर कोल्हापूरचा असो की कुठलाही. मुलाला एकट्यालाच विचारा, तिची नाइट असेल त्या दिवशी तू जेवणाचं काय करशील? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघा, आणि उत्तर देताना स्वतःच्या आईकडे बघतो का तेही बघा.

भेटीची तारीख मात्र रोस्टर बघून ठरवा. नाइटनंतरचा दिवस नको.